नवा रिसीव्हर आला खरा, पण रिकामी जागा कुणाची होती?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पेन स्टेट विद्यापीठात शिकते, त्यामुळे सगळं घर शनिवारी कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल बघायला लागलंय. २०२५ च्या सीझनआधी टीममध्ये तीन नवे रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे खेळाडू, आले, तेव्हा जो तो म्हणत होता की यंदा राष्ट्रीय विजेतेपद आपलंच. ऑक्टोबरमध्ये कोचचीच नोकरी गेली. आता पुन्हा नवे चेहरे आलेत आणि पुन्हा तेच कौतुक सुरू आहे. आपल्यासारख्या साध्या प्रेक्षकाला सीझनच्या आधी यातलं खरं किती ते कळू शकतं का? स्टार (हायस्कूलमध्ये मिळालेलं मानांकन) बघायचे, आकडे बघायचे, की स्प्रिंग गेमला (वसंतातल्या टीमच्या आपसातल्या सराव सामन्याला) जायचं? आणि मुलीला भेटायला जाताना कोणत्या सामन्याचं तिकीट काढायचं?

बऱ्यापैकी कळू शकतं. फक्त सुरुवात नव्या खेळाडूपासून करायची नाही. आधी टीममधून कोण गेलं आणि तो नेमकं काय काम करत होता, ते बघायचं.

माझी ओळख एवढीच, की दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर इथल्या एका हायस्कूल टीमच्या रिसीव्हर्सना शिकवायचं काम, अशी बरीच वर्षं चालली आहेत. टेप, म्हणजे सामन्यांचे व्हिडिओ, बघणं हा त्या कामाचा निम्मा भाग. हाताखालची काही मुलं कॉलेजला खेळायला गेली, त्यामुळे रिक्रूटिंगवाले काय बघतात आणि कशाकडे दुर्लक्ष करतात, तेही जवळून पाहिलंय.

तुमच्याच टीमचं उदाहरण घेऊ, कारण त्यात जवळपास सगळं आलं.

९ जानेवारी २०२५ ला ऑरेंज बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या सेमीफायनलला, पेन स्टेट नोत्र दामकडून २७–२४ अशी हरली. त्या सामन्यात पेन स्टेटच्या एकाही वाइड रिसीव्हरने एकही कॅच घेतला नाही. शून्य. ही गोष्ट सगळ्यांना इतकी झोंबली, की पुढचा अख्खा हिवाळा चर्चा एकच: रिसीव्हर आणा. आणि आणले. सिरॅक्यूजहून ट्रेबर पेन्या, ट्रॉयहून डेव्हॉन्टे रॉस, यूएससीहून कायरन हडसन. पेन्याचे २०२४ चे ८४ कॅच, ९४१ यार्ड, ९ टचडाउन. रॉसचे ७६ कॅच, १,०४३ यार्ड, ११ टचडाउन. हडसनचे ३८ कॅच, आणि लास वेगासमध्ये एलएसयूविरुद्ध एका हाताने घेतलेला तो झेल, जो एव्हाना सगळ्यांनी पन्नासदा बघितला असेल. कागदावर बघितलं तर कोणालाही वाटेल की आता काय राहिलं!

आता दुसऱ्या बाजूने बघा. २०२४ मध्ये पेन स्टेटचा चेंडू पकडत कोण होतं? टाइट एंड (पास पकडणं आणि समोरच्याला अडवणं, दोन्ही कामं करणारा) टायलर वॉरन. १०४ कॅच, १,२३३ यार्ड. हा गडी नुसता कॅच घेत नव्हता. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, जागी उभा राहून चेंडू घेऊन पळायचा. यूएससीविरुद्ध तर एका खेळीत सेंटरच्या जागी बसून त्याने स्वतःच चेंडू मागे दिला आणि मग पळत जाऊन टचडाउनचा कॅचही घेतला. त्या दिवशी त्याचे १७ कॅच होते, २२४ यार्ड. तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठीच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, पाच-सहा यार्ड हवे असले की मैदानाच्या मधोमध, लाइनबॅकर आणि सेफ्टी या बचावपटूंच्या फटीत, तो हमखास उभा. क्वार्टरबॅक ड्रू ॲलरला घाबरल्यावर बघायला एक ओळखीचा चेहरा होता. एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडीत) इंडियानापोलिस कोल्ट्सने वॉरनला पहिल्याच फेरीत चौदाव्या क्रमांकावर उचललं, आणि तो चेहरा गेला.

म्हणजे रिकामी झालेली जागा होती मधल्या पट्ट्यातल्या, अंगावर दोघांना घेऊन कॅच घेणाऱ्या, शिवाय ब्लॉकही करणाऱ्या धिप्पाड माणसाची. भरती झाली तीन रिसीव्हर्सची. हे तिघं वाईट होते असं मी अजिबात म्हणत नाही. गेला कोण आणि आला कोण, याचा मेळ बसत नव्हता एवढंच. हे एप्रिलमध्येसुद्धा दिसत होतं, त्यासाठी ऑक्टोबर उजाडायची गरज नव्हती.

त्यात पेन्याच्या आकड्यांची गंमत बघा. २०२४ मध्ये सिरॅक्यूजचा क्वार्टरबॅक काइल मकॉर्डने ४,७७९ यार्ड फेकले. ती टीम श्वास घेतल्यासारखी पास टाकत होती. जिथे दर सामन्याला पंचेचाळीस पास पडतात, तिथे चांगल्या स्लॉट (आतल्या बाजूला उभ्या राहणाऱ्या) रिसीव्हरच्या पदरात ८४ कॅच पडणारच. पेन स्टेट मात्र आधी धावणारी टीम. घरात निकोलस सिंगलटन आणि केट्रॉन ॲलन असे दोन तगडे रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे). तिथे पेन्याला तेवढे चेंडू मिळणार कुठून? शिवाय तो स्प्रिंग प्रॅक्टिस होऊन गेल्यावर आला. म्हणजे क्वार्टरबॅकबरोबर सवय करायला उरला फक्त उन्हाळा. म्हणून एकूण कॅच किंवा एकूण यार्ड यावर मी कधीच थांबत नाही. टीमने किती पास टाकले आणि त्यातले किती याच्याकडे गेले, हे बघायचं. त्याहून चांगला आकडा म्हणजे प्रत्येक रूटमागे किती यार्ड. रिसीव्हर पासच्या खेळीत पळाला, चेंडू त्याच्याकडे येवो न येवो, तो एक रूट धरायचा आणि एकूण यार्डांना त्याने भागायचं. दोनच्या वर असेल तर चांगला, तीनच्या आसपास असेल तर फारच वरचा. या हिशोबात पास जास्त टाकणाऱ्या टीमचा फुगवटा बराचसा उतरतो.

रॉसचा प्रश्न वेगळा होता. ट्रॉय खेळते सन बेल्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लहान टीमांच्या गटात. रणजीत पाटा खेळपट्टीवर हजार धावा काढलेल्या पोराला आपण थेट मेलबर्नच्या बॉक्सिंग डे टेस्टला धरून चालत नाही, तसंच हे. धावा खोट्या नसतात, पण गोलंदाजी कोणाची होती ते विचारायचं. यासाठी माझी पद्धत सोपी आहे. नव्या खेळाडूच्या मागच्या सीझनमधले सगळ्यात तगड्या डिफेन्सविरुद्धचे तीन सामने काढायचे आणि फक्त तेवढेच बघायचे. बाकीचे नऊ-दहा सामने हायलाइटवाल्यांना सोडून द्यायचे. त्या तिन्हींत तो गायब असेल, तर बिग टेनमध्येही (पेन स्टेटच्या कॉन्फरन्समध्ये) नऊ आठवडे गायब असण्याची शक्यता आहे.

पुढे झालेलं तुम्हाला माहीतच आहे. प्रीसीझनला टीम देशात दुसऱ्या क्रमांकावर. पहिले तीन सामने नेवाडा, एफआययू आणि विलानोव्हाशी, तिन्ही मोठ्या फरकाने जिंकले. पण एफआययूविरुद्ध हाफटाइमला स्कोअर फक्त १०–० होता, आणि माझ्या मते सीझनचं खरं उत्तर तिथेच मिळालं होतं. नंतर ओरेगॉनशी दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये हार, मग यूसीएलए आणि नॉर्थवेस्टर्नकडूनही हार, आणि १२ ऑक्टोबरला कोच जेम्स फ्रँकलिन बाहेर. त्याला फक्त रिसीव्हर कारण नव्हते. नॉर्थवेस्टर्नच्या सामन्यात ॲलर जखमी झाला, डिफेन्सही यूसीएलएसमोर ४२ गुण देऊन बसला. पण तीन नव्या रिसीव्हर्सनी विजेतेपद येईल हे गणित मुळातच कच्चं होतं.

आता तुमचे तीन प्रश्न. स्टारपासून सुरू करू, कारण भांडणं तिथेच जास्त होतात.

स्टार हायस्कूलमधल्या मुलांना मिळतात. टू फोर सेव्हन स्पोर्ट्सवाले दरवर्षी साधारण ३२ मुलांना पाच स्टार देतात, कारण एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात. म्हणजे स्टार हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या भविष्याबद्दलचं भाकीत आहे, आणि वरच्या टोकाला ते भाकीत बरंच खरं निघतं. ओहायो स्टेटचा जेरेमाया स्मिथ देशातला पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर म्हणून आला आणि २०२४ मध्ये फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) असताना ७६ कॅच, १,३१५ यार्ड, १५ टचडाउन करून गेला. तिथे नव्या खेळाडूच्या हेल्मेटवर काळी पट्टी लावतात. सरावात आपली लायकी दाखवली की ती काढतात. त्याच्या तुकडीत ती सगळ्यात आधी त्याची निघाली. स्मिथवर विश्वास ठेवणाऱ्यांनी नुसते स्टार मोजले असं म्हणता येणार नाही.

पण ट्रान्सफर होऊन आलेल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या खेळाडूचे हायस्कूलचे स्टार अजूनही सांगत बसणं म्हणजे तीस वर्षांच्या माणसाचे दहावीचे मार्क सांगणं. डीजे उइआगलेलेई बघा. पाच स्टारचा क्वार्टरबॅक. २०२० मध्ये क्लेमसनसाठी फ्रेशमन म्हणून नोत्र दामविरुद्ध ४३९ यार्ड फेकले. पुढच्या वर्षी ९ टचडाउन आणि १० इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास). मग ओरेगॉन स्टेट, मग २०२४ मध्ये फ्लोरिडा स्टेट. तेव्हाही लोक त्याचे पाच स्टार काढून दाखवत होते. त्याच सीझनसाठी फ्लोरिडा स्टेटने अलाबामाहून रिसीव्हर मलिक बेन्सन आणि रनिंग बॅक रॉयडेल विल्यम्स आणले, एलएसयूहून जेलन ब्राउन. नावं सगळी वजनदार. प्रीसीझनला दहावा क्रमांक. शेवट २ विजय, १० पराभव. अलाबामा, एलएसयू ही नावं ऐकून छाती फुगते, पण चांगल्या टीमच्या बेंचवरून उठून येणाऱ्याबद्दल आधी विचारायचं, की तो बेंचवर का होता.

या प्रश्नाचं उत्तर कधीकधी फार चांगलंही असतं. जेमिसन विल्यम्सने ओहायो स्टेटमध्ये दोन वर्षांत मिळून १५ कॅच घेतले. का? कारण पुढे ख्रिस ओलावे, गॅरेट विल्सन आणि जॅक्सन स्मिथ-एनजिग्बा उभे होते, आणि ते तिघंही पुढे एनएफएलच्या पहिल्या फेरीत गेले. २०२१ मध्ये तो अलाबामाला गेला आणि ७९ कॅच, १,५७२ यार्ड, १५ टचडाउन. त्याचा वेग आणि ते पंधरा कॅच ज्यांनी टेपवर बघितले, त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नसेल. कॅम वॉर्डची गोष्ट अजून उलटी. टेक्ससमधल्या त्याच्या हायस्कूलमध्ये विंग-टी ऑफेन्स, म्हणजे धावाधावीच जास्त, पास क्वचित. त्यामुळे त्याला कोणी बघितलंच नाही, स्कॉलरशिपची एकच ऑफर आली, ती इन्कार्नेट वर्डची. तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक. कोणत्या पद्धतीत खेळल्यामुळे माणूस झाकला गेला आणि कोणत्या पद्धतीत खेळल्यामुळे उगाच मोठा दिसला, हे दोन्ही बघावं लागतं.

आकड्यांबद्दल वर बोललोच. एक गोष्ट मात्र चाहते सतत विसरतात: ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारे पुढचे पाच जण. कोलोराडोने २०२३ मध्ये जवळजवळ अख्खी टीम नवी आणली. शेदूर सँडर्स, ट्रॅव्हिस हंटर, फ्रेशमन डिलन एडवर्ड्स. पहिल्याच सामन्यात टीसीयूला ४५–४२ असं हरवलं, शेदूरने ५१० यार्ड फेकले, एडवर्ड्सने चार टचडाउन केले. सगळा देश वेडा झाला होता. सीझन संपला तेव्हा ४ विजय, ८ पराभव, आणि क्वार्टरबॅक शेदूर ५२ वेळा सॅक झालेला, म्हणजे पास फेकायच्या आधीच पाडला गेलेला. हंटर किती मोठा खेळाडू आहे ते पुढच्या वर्षी हाइस्मन ट्रॉफी (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची) मिळाल्यावर सगळ्यांनी मान्य केलं, पण चेंडू सुटायच्या आधीच क्वार्टरबॅक जमिनीवर असेल तर रिसीव्हरने करायचं काय? म्हणून मी प्रीसीझनला मासिकांतली रिसीव्हरची पानं उलटून आधी लाइनचं पान काढतो. पाच जणांपैकी किती परत आलेत, लेफ्ट टॅकल कोण, सेंटर आणि क्वार्टरबॅक आधी एकत्र खेळलेत का. कंटाळवाणं पान असतं, पण बाकीच्या पानांची किंमत त्यावरच ठरते.

स्प्रिंग गेम. जरूर जा. ऊन छान असतं, मुलीला भेटणं होतं, पार्किंगमध्ये आपली मंडळी डबे उघडून बसलेली असतात. पण तिथून निष्कर्ष घेऊन येऊ नका. क्वार्टरबॅकला हात लावायचा नसतो, त्यामुळे खरी सॅक असतेच कुठे? डिफेन्स मुद्दाम साधा ठेवतात, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जास्तीची माणसं सोडणं) जवळपास नाहीच. दोन्ही बाजूंना आपलेच खेळाडू, म्हणजे रिसीव्हरने शंभर यार्ड मारले तर आनंद मानायचा की कॉर्नरबॅकची (रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूची) काळजी करायची? आणि आता तर कोच काही दाखवायलाच तयार नसतात. नेब्रास्काच्या मॅट रूलने २०२५ मध्ये नेहमीची स्प्रिंग गेम रद्द केली. दुसऱ्या टीम बघून आपले खेळाडू फोडतात ही त्याची तक्रार होती.

तरी गेलातच, तर चेंडूकडे बघू नका. हे सांगणं सोपं आणि करणं फार अवघड आहे, पण पाच खेळी तरी करून बघा. एका नव्या रिसीव्हरवर नजर ठेवा आणि स्नॅपपासून (खेळी सुरू होताना चेंडू मागे देतात तिथून) शिट्टीपर्यंत त्यालाच बघा.

काय बघायचं ते सांगतो, कारण मी पोरांना हेच शिकवतो. समोरचा कॉर्नरबॅक अगदी तोंडासमोर उभा असेल तर पहिल्या दोन पावलांत काय होतं? कच्चा रिसीव्हर जागच्या जागी पाय नाचवतो, दिसायला झकास, पण पुढे काहीच जात नाही, आणि तेवढ्या वेळात क्वार्टरबॅकचा हिशोब चुकतो. पक्का रिसीव्हर एका पावलात कॉर्नरचं वजन चुकीच्या बाजूला पाडतो आणि त्याचा हात झटकून निघतो. मग रूटचं वळण. बारा यार्ड पळून मागे वळायचं असेल तर अंगातला वेग मोडावा लागतो. कच्च्या पोराचे खांदे वळणाच्या दोन पावलं आधी वर येतात, आणि कॉर्नरला तेवढीच सूचना पुरते. चांगल्याची छाती गुडघ्यांच्या पुढेच राहते, कंबर खाली बसते, आणि तो वळतो तेव्हा कॉर्नर अजून मागेच पळत असतो. मग हात. चेंडू अंगापासून लांब, बोटांत घेतो की छातीवर आदळू देतो? छातीवर घेणाऱ्याचे कॅच सोप्या सामन्यांत पडत नाहीत, कोणी अंगावर आलं की पडतात. आणि शेवटी, चेंडू दुसऱ्याकडे गेल्यावर हा काय करतो? ब्लॉक करतो, की कमरेवर हात ठेवून बघत उभा राहतो? कोच फ्रेशमनला मैदानात ठेवायचं की नाही हे बऱ्याचदा या शेवटच्या गोष्टीवर ठरवतात, प्रेक्षकांना त्याचा पत्ताही नसतो.

रनिंग बॅकचं गणित वेगळं. फ्रेशमन लवकर चमकण्याची शक्यता तिथे मोठी असते, कारण चेंडू घेऊन पळणं बरंचसं उपजत असतं. क्विनशॉन जडकिन्सने ओल मिसमध्ये २०२२ ला पहिल्याच वर्षी १,५६७ यार्ड काढले, तुमच्या सिंगलटननेही त्याच वर्षी फ्रेशमन असताना १,०६१. त्यांच्यात मी दोनच गोष्टी शोधतो. पहिला धक्का बसल्यानंतर किती यार्ड जातात. लाइनने मोकळा रस्ता करून दिलेले यार्ड त्याच्या खात्यात धरायचे नाहीत. दुसरी, पासच्या वेळी ब्लिट्झ करून येणाऱ्या लाइनबॅकरला तो अडवतो का. हे जमत नसेल तर कितीही वेगवान असला तरी तिसऱ्या डाउनला बाहेर बसतो, कारण महागडा क्वार्टरबॅक कोणी पोराच्या भरवशावर सोडत नाही. टाइट एंडला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्याला रिसीव्हरसारखं पळायचं असतं आणि आपल्याहून जड डिफेन्सिव्ह एंडला अडवायचंही असतं. जॉर्जियाच्या ब्रॉक बॉवर्सने २०२१ मध्ये पहिल्याच वर्षी ८८२ यार्ड आणि १३ टचडाउन केले, पण तसा दरवर्षी कुणी येत नाही. फ्रेशमन टाइट एंडबद्दल कोणी फार बोलायला लागलं की मी चहा करायला उठतो.

कोचच्या बोलण्यातून काय घ्यायचं? ऑगस्टमध्ये सगळेच खेळाडू 'छान कॅम्प' करत असतात. तोंडाने काय म्हणतात त्यापेक्षा हातांनी काय करतात ते बघा. कोचने पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) एकाच जागेसाठी दोन-तीन खेळाडू आणले, तर घरात असलेल्यांबद्दल त्याचं मत काय ते त्याने सांगून टाकलं. उलट, एखादा अनुभवी रिसीव्हर सोडून गेला आणि कोचने त्याच्या जागी कोणालाच आणलं नाही, तर आतल्या एखाद्या पोरावर त्याचा विश्वास आहे. अशा पोरांची नावं उन्हाळ्यात कोणी घेत नाही, आणि मला त्यांच्यातच जास्त रस असतो. मार्विन हॅरिसन ज्युनियरने २०२१ च्या अख्ख्या सीझनमध्ये अकरा कॅच घेतले. ओलावे आणि विल्सन 'रोज बोल' या सीझनअखेरच्या मोठ्या सामन्याला उतरले नाहीत, तेव्हा त्याने यूटाविरुद्ध तीन टचडाउन केले. पुढच्या वर्षी १,२६३ यार्ड. तो 'नवा' नव्हताच, फक्त दिसला नव्हता.

आता यंदाचं. तुमच्या टीममध्ये नवा कोच मॅट कॅम्पबेल आयोवा स्टेटहून आलाय आणि क्वार्टरबॅक रॉको बेक्टसह जुनी मंडळी घेऊन आलाय. बरेच लोक नाक मुरडतात, की आयोवा स्टेटचे खेळाडू आपल्याकडे कशाला. माझं मत उलट आहे. कोचबरोबर येणारा खेळाडू हा पोर्टलमधला सगळ्यात कमी धोक्याचा सौदा. त्याला खेळी पाठ असतात, कोच कशावर चिडतो ते माहीत असतं, आणि मुख्य म्हणजे कोचने त्याला सरावात तीन वर्षं बघितलेलं असतं, तीन मिनिटांच्या हायलाइटमध्ये नव्हे. कोच कर्ट सिग्नेटी २०२४ मध्ये जेम्स मॅडिसनहून इंडियानाला आला तेव्हा स्वतःचे तेरा खेळाडू घेऊन आला होता. त्यात रिसीव्हर एलायजा सॅरॅट होता, जो त्याही आधी पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिस या छोट्या कॉलेजात खेळलेला. तेव्हाही लोक हसले होते. आदल्या वर्षी ३–९ असलेली इंडियाना त्या वर्षी ११–२ झाली, आणि पुढच्या वर्षी कॅलहून आलेल्या फर्नांडो मेंडोझाला घेऊन १६–० करत राष्ट्रीय विजेती. सिग्नेटी सरळ सांगतो की त्याला कामगिरी हवी, नुसती क्षमता नको. पेन स्टेटचं तसंच होईल असं मी म्हणत नाही, बिग टेनमधली बचावफळी बिग ट्वेल्व्हपेक्षा (आयोवा स्टेटच्या कॉन्फरन्सपेक्षा) पुढून जड असते आणि बेक्टला ते पहिल्या महिन्यात कळेल. पण फ्लोरिडा स्टेटसारखी गोळाबेरीज आणि ही, यात फरक करायला हवा.

अजून एक सोय झाली आहे. २०२६ पासून पोर्टलची एकच खिडकी, म्हणजे नाव नोंदवायची मुदत, २ ते १६ जानेवारी. एप्रिलची खिडकी बंद. त्यामुळे ट्रान्सफर खेळाडू स्प्रिंग प्रॅक्टिसलाच हजर असतात, आणि पेन्यासारखं वसंत संपल्यावर येणं जवळपास थांबलंय. नव्या रिसीव्हरने पूर्ण वसंत क्वार्टरबॅकबरोबर घालवलाय की दुखापतीमुळे बाहेर बसून, एवढं तरी स्थानिक वार्ताहरांच्या रोजच्या बातम्यांतून काढा. हिरव्या जर्सीत बाजूला सायकल चालवणारा खेळाडू मला सप्टेंबरमध्ये नको असतो.

फ्रेशमनबद्दल एक तांत्रिक गोष्ट. चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी त्यांचं ते वर्ष रेडशर्ट म्हणून राखता येतं, म्हणजे खेळण्याच्या वर्षांत मोजलं जात नाही. त्यामुळे सुरुवातीच्या सोप्या सामन्यांत एखादा पोरगा दिसला, दोन झकास कॅच घेतले आणि मग ऑक्टोबरमध्ये गायब झाला, तर कोचशी भांडण झालं असं समजू नका. बहुतेक वेळा ते आधीच ठरलेलं असतं.

मुलीला भेटायला जाताना कोणत्या सामन्याचं तिकीट काढावं असंही तुम्ही विचारलंत. पहिला सामना सोडून द्या, तो टीव्हीवर बघा आणि तिसऱ्या डाउनला सात-आठ यार्ड हवे असताना कोण मैदानावर आहे तेवढं एका कागदावर टिपा. स्कोअर चाळीस-शून्य झाल्यावर टिपणं थांबवा, त्यानंतरच्या आकड्यांना अर्थ नसतो. तिकीट पहिल्या बिग टेन सामन्याचं, बीव्हर स्टेडियमचं काढा, आणि जमलं तर एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या) मागच्या वरच्या रांगांतलं. तिथून बाजूच्या महागड्या जागेपेक्षा रूट जास्त चांगले दिसतात, आणि पैसेही वाचतात. गरम कपडे मात्र न्या, सप्टेंबर असला तरी रात्री स्टेट कॉलेजला वारा असतो.